पॅरालिम्पिकमधील भारताचा इतिहास शाळेच्या फलकावर कसा मांडावा?

क्रीडाशिक्षक, जिंतूर

सर्वांना नमस्कार. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात एका माध्यमिक शाळेत मी क्रीडाशिक्षक म्हणून काम करतो. 29 ऑगस्टच्या राष्ट्रीय क्रीडा दिनापर्यंत शाळेच्या व्हरांड्यात एक कायमस्वरूपी फलक लावण्याचे ठरले आहे, आणि त्याचा विषय मी आग्रहाने दिव्यांग खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधील भारताची वाटचाल असा घेतला आहे. सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की पदकविजेत्यांची नावे आणि वर्षे लिहिली म्हणजे काम झाले. तशी यादी मी करून पाहिली. 1972 मध्ये मुरलीकांत पेटकर, 1984 मध्ये चार पदके, त्यानंतर थेट 2004, मग 2012, 2016 आणि पुढे टोकियो व पॅरिस या दोनच स्पर्धांत पदकांचा पाऊस. ही यादी जशीच्या तशी भिंतीवर लावली, तर मुलांचा असा समज होईल की मधल्या काळात देशात कोणी खेळतच नव्हते आणि नंतर अचानक चमत्कार घडला. मधल्या रिकाम्या जागांमागे नेमके काय होते, हे जाणकारांनी सांगावे.

दुसरी अडचण आपल्या भागाची आहे. मराठवाड्यातील नाव फलकावर असावे अशी माझी फार इच्छा आहे. पण केवळ पदकविजेतेच घ्यायचे म्हटले, तर पॅरालिम्पिकच्या यादीत आपल्याकडचे नाव बसत नाही. अशा वेळी काय करावे?

तिसरी गोष्ट फलकाच्या पलीकडची आहे. आठवीतील एका विद्यार्थिनीचा डावा हात जन्मतःच कोपराखाली नाही. ती उजव्या हाताने भाला फार सुंदर फेकते. आतापर्यंत तिला आम्ही इतर मुलींबरोबरच खेळवत आलो. तिला पुढे न्यायचे असेल, तर पहिले पाऊल कोणते?

जुनी कात्रणे, लातूर

सर, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. क्रीडाविषयक कात्रणे जपण्याची मला बऱ्याच वर्षांची सवय आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

सुरुवात भारतापासून न करता 1948 पासून करावी, असे मी सुचवेन. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान उपचार करीत असत. लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, म्हणजे 29 जुलै 1948 रोजी, त्यांनी 16 जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा रुग्णालयाच्या आवारात घेतली. त्यातूनच 1960 मध्ये रोम येथे 23 देशांच्या सुमारे 400 खेळाडूंची पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा उभी राहिली. हे मूळ मुलांना सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या पहिल्या सुवर्णपदकाची कथाही युद्धातील जखमेपासूनच सुरू होते.

भारत प्रथम उतरला तो 1968 च्या तेल अवीव स्पर्धेत. पथक दहा जणांचे होते आणि पदक मिळाले नाही. त्या पथकात सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर होते आणि ते तेव्हा टेबल टेनिस खेळले होते. लष्कराच्या ईएमई, म्हणजे यंत्रसामग्रीच्या देखभाल-दुरुस्तीच्या दलातील हा जवान मूळचा मुष्टियोद्धा. 1965 च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, त्यांपैकी एक मणक्याजवळ कायमची राहिली आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले, आणि तोच व्यायाम पुढे त्यांचा खेळ झाला. ऑगस्ट 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईल त्यांनी 37.33 सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. म्युनिक ऑलिम्पिक सुरू होण्यास तेव्हा काही आठवडे अवकाश होता. ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक अभिनव बिंद्रा यांनी 2008 मध्ये मिळवून दिले. म्हणजे पेटकर त्यांच्या 36 वर्षे आधी तेथे पोहोचले होते. तरीही पेटकरांना पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडावे लागले. फलकावर ही दोन वर्षे, 1972 आणि 2018, शेजारी शेजारी लिहिलीत, तर वेगळे भाष्य करण्याची गरज उरणार नाही.

आता रिकाम्या जागांविषयी. 1976 ची टोरोंटो आणि 1980 ची आर्नहेम या दोन्ही स्पर्धांना भारताने पथकच पाठवले नाही. सुवर्णपदक जिंकलेल्या देशाने पुढच्या दोन स्पर्धांना जाऊच नये, ही गोष्ट मला आजही लागते. 1984 ची स्पर्धा न्यूयॉर्क आणि स्टोक मँडेव्हिल अशी दोन ठिकाणी झाली. त्या वर्षी जोगिंदरसिंग बेदी यांनी गोळाफेकीत रौप्य आणि भालाफेक व थाळीफेकीत कांस्य अशी तीन पदके एकट्याने मिळवली, तर भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्यपदक मिळवले. महाराष्ट्रातही केसरकरांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. आपल्या फलकावर ते ठळक अक्षरांत असावे, एवढी विनंती.

पुढे 1988 च्या सोलपासून 2000 च्या सिडनीपर्यंत भारत प्रत्येक वेळी गेला, पण मूठभर खेळाडू घेऊन. सोलला तर दोघेच होते. राष्ट्रीय संघटनेची घडी बसू लागली ती 1990 च्या दशकात. 2004 मध्ये अथेन्सला देवेंद्र झाझरिया यांनी 62.15 मीटर भाला फेकून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले आणि राजिंदरसिंग रहेलू यांना पॉवरलिफ्टिंगमध्ये कांस्यपदक मिळाले. इथे एक बाब जाणीवपूर्वक नोंदवावी. झाझरियांच्या एफ46 गटाची, म्हणजे हातात दोष असलेल्या खेळाडूंची भालाफेक 2008 च्या बीजिंग आणि 2012 च्या लंडन स्पर्धेच्या कार्यक्रमातच नव्हती. विश्वविक्रमवीर हाती भाला घेऊन बारा वर्षे थांबला आणि 2016 मध्ये रिओ येथे 63.97 मीटर फेकून त्याने स्वतःचाच विक्रम मोडला. पदकांच्या यादीत 2004 आणि 2016 ही वर्षे तेवढी दिसतात. खेळाडूची खरी परीक्षा झाली ती मधल्या बारा वर्षांत.

2015 हे वर्षही वगळू नये. गाझियाबाद येथील राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूंची राहण्याची आणि इतर व्यवस्था अतिशय वाईट होती, त्याचा बराच गवगवा झाला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने भारतीय संघटनेला निलंबित केले. रिओच्या वर्षी ते निलंबन उठले. अशा स्थितीत गेलेल्या 19 जणांच्या पथकाने चार पदके आणली. मरियप्पन थंगवेलू यांनी उंच उडीत सुवर्ण, वरुणसिंग भाटी यांनी त्याच स्पर्धेत कांस्य, झाझरियांनी सुवर्ण मिळवले, आणि दीपा मलिक यांनी गोळाफेकीत रौप्यपदक मिळवून पॅरालिम्पिक पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला होण्याचा मान मिळवला.

पदके अचानक वाढली, असे जे आपल्याला वाटते, त्याचे उत्तर मला पथकाच्या आकारात दिसते. बीजिंगला पाच जण गेले, पदक नाही. लंडनला दहा जण गेले आणि गिरीश नागराजेगौडा यांच्या उंच उडीचे एक रौप्य आले. रिओला 19 जण, चार पदके. टोकियोला 54 जण, 19 पदके, त्यांत पाच सुवर्ण. पॅरिसला 84 जण, 29 पदके, त्यांत सात सुवर्ण. 1968 ते 2016 या काळात भारत ज्या अकरा स्पर्धांना गेला, त्यांत मिळून बारा पदके. आणि त्यानंतरच्या दोनच स्पर्धांत 48. माणसांची गुणवत्ता पाच वर्षांत चौपट होत नसते. आधी ज्यांना घरातून, गावातून आणि जिल्ह्यातून बाहेर पडण्याची वाटच नव्हती, त्यांना ती मिळू लागली. म्हणूनच माझी आग्रहाची सूचना अशी, की फलकावर प्रत्येक वर्षापुढे पदकांच्या आधी गेलेल्या खेळाडूंची संख्या लिहावी.

वाचक, धाराशिव

लातूरकरांनी फार मोलाची माहिती दिली आहे. मात्र केवळ पथक मोठे केल्याने पदके येतात, हे मला पूर्ण पटत नाही. पदकाची शक्यता असलेल्या खेळाडूंना मदत करण्यासाठी केंद्र सरकारने 2014 मध्ये सुरू केलेल्या टॉप्स योजनेत दिव्यांग खेळाडूंचाही समावेश झाला, परदेशातील सराव, प्रशिक्षक आणि साहित्य यांसाठी पैसा मिळू लागला, हेही तितकेच मोठे कारण आहे. शिवाय आशियाई पॅरा स्पर्धांचे आकडे पाहावेत: 2010 मध्ये ग्वांगझू येथे 14 पदके, 2014 मध्ये इंचॉन येथे 33, 2018 मध्ये जकार्ता येथे 72 आणि 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ स्पर्धेत 111. ही चढण एका पायरीची नाही. पॅरालिम्पिकमधील वाढ जरी टोकियोला डोळ्यांत भरली, तरी तिची तयारी आशियाई पातळीवर आधीपासून दिसत होती. फलकावर जागा असेल, तर हे चार आकडे अवश्य घ्यावेत.

फेकक्षेत्र, नांदेड

सर, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण मी नांदेडमध्ये दिव्यांग मुलांना फेकीचे प्रकार शिकवतो.

मराठवाड्याचे नाव फलकावर आहेच, असे समजा. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव टोकियो पॅरालिम्पिकमध्ये एफ34 गटातील गोळाफेकीत सातव्या आल्या. त्यांची फेक सात मीटरची होती. पॅरिसमध्ये त्यांनी 7.28 मीटर फेक केली आणि पाचवे स्थान मिळवले. त्याआधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आणि 2024 मध्ये कोबे येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदके मिळवली. पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्याबरोबर भारताचा तिरंगा घेऊन चालण्याचा मान त्यांना मिळाला. जगात पाचवी आलेली, देशाचा ध्वज वाहिलेली खेळाडू केवळ पॅरालिम्पिकचे पदक नाही म्हणून आपल्याच भागातील फलकावरून गळावी, हे मला कदापि मान्य होणार नाही.

एफ34 म्हणजे काय, हेही मुलांना समजावे. इंग्रजी एफ हे अक्षर मैदानी फेकींसाठी, टी हे अक्षर धावण्याच्या शर्यती आणि उड्यांसाठी. पहिला आकडा दोषाचा प्रकार सांगतो: दृष्टिदोषासाठी 11 ते 13, बौद्धिक अक्षमतेसाठी 20, मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरील ताबा बिघडलेल्यांसाठी 31 ते 38, कमी उंचीसाठी 40 व 41, हातापायांतील दोषांसाठी चाळिशीतील पुढचे आकडे, बसून खेळणाऱ्यांसाठी 51 ते 57, आणि कृत्रिम पाय वापरणाऱ्यांसाठी 61 ते 64. एफ34 चे खेळाडूही बसूनच फेकतात.

बसून फेकणे सोपे असते, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. त्यासाठी लोखंडी चौकट लागते. बैठकीची उंची गादीसह 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. समोर किंवा बाजूला एक उभा दांडा असतो, तो न फेकणाऱ्या हाताने घट्ट धरायचा. मांड्या आणि पाय न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांनी चौकटीला बांधतात. गोळा फेकताना बैठकीवरून अंग उचलले गेले, की ती फेक बाद. धावत येऊन मिळणारी गती नाही, पायांचा रेटा नाही. जे काही बळ आहे ते कंबर, खांदा आणि त्या दांड्यावरच्या पकडीतून काढायचे. खेळाडूला बांधायला वेळ लागतो म्हणून मोठ्या स्पर्धांत एकाच्या सगळ्या फेका लागोपाठ घेतात, त्यामुळे मध्ये दम खायलाही फारसा अवसर मिळत नाही.

आमची चौकट येथील एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली आहे. ती जमिनीला चारही बाजूंनी साखळ्या आणि खुंट्या ठोकून जखडावी लागते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, तेव्हा मार्चमध्ये घट्ट बसलेली खुंटी जुलैमध्ये हाताने उपसून येते. चौकट बोटभर जरी हलली, तरी मुलाची फेक तेवढी कमी पडते आणि मुख्य म्हणजे त्याची भीती वाढते. शेवटी आम्ही सिमेंटचा चौथरा ओतून त्यात लोखंडी कड्या बसवल्या. आमच्या कामात खरा फरक त्या चौथऱ्याने पडला. कोणत्याही शाळेला हे करता येण्यासारखे आहे.

जाता जाता सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारी यांचाही उल्लेख करतो. पॅरिसमध्ये एफ46 गटात त्यांनी 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण विजेत्याची फेक 16.38 मीटर होती, म्हणजे अंतर अवघे सहा सेंटिमीटर. 1984 मधील बेदींच्या पदकानंतर पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला चाळीस वर्षांनी पदक मिळाले. आपल्या विद्यार्थिनीचा दोष हाताचाच आहे, त्यामुळे झाझरिया आणि खिलारी यांच्याच एफ46 गटात ती बसण्याची शक्यता मला दिसते. महिलांच्या या गटात भाला 600 ग्रॅमचा असतो. भाल्याची पकड आणि शेवटची पाच पावले यांवर आतापासून लक्ष द्यावे. डावा हात फेकीच्या आधी शरीर वळवायला आणि तोल सावरायला मदत करतो. तो अपुरा असल्यामुळे खांदा लवकर उघडतो. त्यावर उपाय म्हणजे डाव्या खांद्याचे आणि पोटाच्या तिरक्या स्नायूंचे व्यायाम वाढवणे.

क्रीडाशिक्षक, जिंतूर

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पथकाची संख्या पदकांच्या आधी लिहिण्याची सूचना मला अतिशय पटली आणि मी तसाच आराखडा करीत आहे. भाग्यश्री जाधव यांच्यासाठी स्वतंत्र चौकट ठेवतो.

दोन गोष्टी अजून विचारतो. त्या विद्यार्थिनीकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र) दोन्ही आहे. स्पर्धेसाठी तेवढे पुरते का? दुसरे असे, की शाळेत एक कर्णबधिर विद्यार्थी आहे आणि तो शंभर मीटर उत्तम धावतो. त्यालाही याच वाटेने नेता येईल का?

विशेष शिक्षिका, अंबाजोगाई

सर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की प्रमाणपत्र लागतेच, पण ते पुरत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत आणि शासकीय सवलतींसाठी किमान 40 टक्के ही अट आहे. खेळात टक्केवारीला काहीच अर्थ नसतो. तेथे दहाच प्रकारचे दोष ग्राह्य धरले जातात आणि त्या त्या खेळासाठी तो दोष किमान किती असावा, याचे स्वतंत्र मोजमाप असते. वर्गीकरण करणारे तज्ज्ञ खेळाडूला आधी तपासतात, मग खेळातील हालचाली करायला लावतात, आणि प्रत्यक्ष स्पर्धेतही पाहतात. त्यानंतर गट ठरतो. काहींचा गट कायमचा निश्चित होतो, काहींना ठरावीक काळाने पुन्हा तपासणीला बोलावतात. ही तपासणी किती काटेकोर असते, याचे उदाहरण टोकियोचे आहे: विनोद कुमार यांना एफ52 गटातील थाळीफेकीत कांस्यपदक मिळाल्याचे जाहीर झाले, आणि नंतर ते त्या गटात बसत नाहीत असे ठरल्याने तो निकाल रद्द झाला. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की आपल्या विद्यार्थिनीला राज्य पातळीवरील पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेत लवकर उतरवावे आणि तेथे वर्गीकरण करून घ्यावे. वैद्यकीय कागदपत्रांत हाताचा एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञांचा अहवाल असावा. अनेक पालक फक्त कार्डाची छायांकित प्रत घेऊन येतात आणि दोन दिवसांचा प्रवास वाया जातो.

कर्णबधिर मुलाची वाट मात्र पूर्णपणे वेगळी आहे, आणि हे आपल्या फलकावरही स्पष्ट असावे, कारण शिक्षकांमध्येसुद्धा याबाबत फार घोळ आहे. पॅरालिम्पिकमध्ये श्रवणदोषाचा गट नाही. कर्णबधिरांची डेफलिम्पिक ही स्वतंत्र स्पर्धा आहे, आणि ती पॅरालिम्पिकपेक्षा जुनी आहे; तिची सुरुवात 1924 मध्ये पॅरिसला झाली. चांगल्या कानाने किमान 55 डेसिबल श्रवणऱ्हास असलेल्या खेळाडूला तेथे प्रवेश मिळतो, आणि स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते. शर्यतीचा इशारा दिव्याने दिला जातो. भारताची येथील कामगिरीही मोठी आहे. हरियाणाचे कुस्तीपटू वीरेंदरसिंग यांनी 2005, 2013 आणि 2017 अशा तीन डेफलिम्पिकमध्ये सुवर्णपदके जिंकली आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मे 2022 मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या स्पर्धेत भारताने आठ सुवर्णांसह 16 पदके मिळवली. बौद्धिक अक्षम मुलांसाठीचे स्पेशल ऑलिम्पिक ही तिसरी चळवळ. तिच्यात बौद्धिक अक्षमता असलेले सर्व पातळ्यांवरचे खेळाडू भाग घेतात, तर पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्यासाठी मोजकेच प्रकार असतात. पॅरिसमध्ये तेलंगणच्या दीप्ती जीवनजी यांनी टी20 गटात 400 मीटरचे कांस्यपदक मिळवले, ते या मोजक्या प्रकारांपैकीच एक.

आपल्या विद्यार्थ्याची ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, नव्याने करून घ्यावी आणि सरावात आतापासूनच शिट्टीऐवजी दिवा किंवा झेंडा वापरावा. इतर मुले शिट्टीवर सुटतात आणि हा त्यांच्याकडे पाहून सुटतो, त्यामुळे त्याची वेळ नेहमी खऱ्यापेक्षा जास्त नोंदली जाते. आमच्याकडे एका मुलाला पहिल्यांदा दिव्यावर पळवले, तेव्हा त्याच दिवशी त्याची वेळ सुधारली. आपल्याकडे विजेचा दिवा नसेल, तर मोठी टॉर्च पुरते. ती धावपट्टीच्या आतल्या बाजूला, मुलाने मान खाली घातल्यावरही नजरेत राहील अशी जमिनीलगत ठेवावी.